न दिसणारे श्वापद

भयपटाच्या कलेविषयी लिहिणारे बहुतेक लेखक आपली चर्चा कल्पनाशक्तीपासून सुरू करतात. मला ती जमाखर्चाच्या वहीपासून सुरू करावीशी वाटते, कारण पडद्यावर एखादे विक्राळ श्वापद अवतरायचे म्हणजे कुणीतरी ते आधी घडवावे लागते, त्याला रबराचे कातडे चढवावे लागते, त्या कातड्याच्या आत घामाने निथळणारा एक माणूस उभा करावा लागतो, पाठीवरची शिवण दिसणार नाही अशा बेताने त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो, आणि यांतील प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. ज्या निर्मात्याच्या गाठी तो पैसा नसतो त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात: एक तर ओबडधोबड श्वापद उजेडात आणून प्रेक्षकांकडून आपले हसे करून घ्यायचे, किंवा ते काळोखात ठेवून त्याच्या अस्तित्वाची प्रतीती केवळ सावलीने, आवाजाने आणि जागेच्या गुणाने आणून द्यायची. दुसऱ्या मार्गाने गेलेल्या चित्रपटांपैकी काहींनी आपली कथा वेड्यांच्या इस्पितळात नेऊन बसवली, आणि तेथे गेल्यावर दारिद्र्यातून जन्मलेल्या या युक्तीला एक नैतिक अर्थही प्राप्त झाला. प्रस्तुत लेखाचा विषय तो अर्थ हाच आहे.

पहिल्या मार्गाचे एक उदाहरण आधी पाहू. अल्प भांडवलात आणि अल्प मुदतीत चित्रपट पुरा करण्याच्या कामी ज्यांचा हात कुणी धरू शकले नाही त्या रॉजर कॉर्मन यांनी 1956 साली 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' नावाचा चित्रपट काढला आणि त्यातील शुक्र ग्रहावरून आलेल्या प्राण्याची घडण पॉल ब्लेझडेल या कारागिराकडे सोपवली. त्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण जबर असणार, तेव्हा तेथील जीव उंच न वाढता जमिनीला धरून पसरलेला असणार, असा विचार करून ब्लेझडेल यांनी एक बसका, शंकूच्या आकाराचा प्राणी तयार केला. परंतु चित्रपटातील अभिनेत्री बेव्हर्ली गार्लंड त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा तो इतका ठेंगणा निघाला की त्यांना हसू आले, आणि कॉर्मन यांना घाईघाईने त्याची उंची वाढवून घ्यावी लागली. कारागिराच्या विचारात खोट काढण्यासारखे काही नव्हते, पण भीती तर्कशुद्धतेने उपजत नाही. आपल्याकडचे रामसे बंधूही याच मार्गाचे प्रवासी. 1972 साली त्यांनी महाबळेश्वरी मुक्काम ठोकून, मोजक्या माणसांत आणि तुटपुंज्या पैशांत 'दो गज ज़मीन के नीचे' पुरा केला, आणि 1984 सालच्या 'पुराना मंदिर'मध्ये अजय अगरवाल या अतिशय उंच नटाला सामरी राक्षसाच्या रूपात उभे करून आपल्या श्वापदाला निदान उंचीची अडचण पडू दिली नाही.

दुसऱ्या मार्गाचे प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे ते व्हॅल ल्यूटन. 1904 साली याल्टा येथे जन्मलेला आणि बालपणीच अमेरिकेत आलेला हा गृहस्थ निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांच्या कचेरीत कथाविभाग सांभाळीत होता. 1942 च्या सुमारास आर. के. ओ. या चित्रपटसंस्थेची तिजोरी खालावली असता तिने स्वस्त भयपटांचे एक स्वतंत्र खाते उघडून ल्यूटन यांची त्यावर नेमणूक केली आणि सोबत तीन अटी घातल्या: खर्च दीड लाख डॉलरांच्या आत राहिला पाहिजे, लांबी 75 मिनिटांच्या आत राहिली पाहिजे, आणि चित्रपटाचे नाव संस्था देईल ते मुकाट्याने स्वीकारले पाहिजे. पहिले नाव मिळाले ते 'कॅट पीपल'. त्या नावावरून वरिष्ठांची अपेक्षा काय असेल हे उघड होते. ल्यूटन आणि त्यांचे दिग्दर्शक झाक तुर्नर यांनी मात्र, प्रेमाचा आवेग आला की आपले रूपांतर बिबट्यात होईल या समजुतीने ग्रासलेल्या इरेना नावाच्या एका परदेशी स्त्रीची करुण कथा रचली, आणि ती समजूत खरी की आजारातून आलेली, हा निर्णय चित्रपटाच्या बऱ्याच मोठ्या भागात प्रेक्षकांवरच सोपवला.

या चित्रपटातील पोहण्याच्या तलावाचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. इरेनेच्या पतीवर जिचे प्रेम आहे ती अॅलिस रात्री तळघरातील तलावावर एकटीच उतरते, जिन्याकडून एक गुरगुर ऐकू येते, आणि भेदरलेली ती पाण्यात उडी घेऊन तलावाच्या मध्यभागी तरंगत राहते. पुढे जे दिसते ते इतकेच: पाण्यावरून उसळलेल्या प्रकाशाच्या लहरी भिंतींवर आणि छतावर हलत राहतात, त्या लहरींमध्ये कुठेतरी एक काळिमा सरकल्याचा भास होतो, आणि अॅलिसच्या किंकाळ्या त्या बंदिस्त जागेत घुमून परत येतात. दिवा लागतो तेव्हा तेथे इरेना शांतपणे उभी असते. मात्र तलावाच्या काठी काढून ठेवलेल्या अॅलिसच्या झग्याच्या चिंध्या झालेल्या आढळतात. तुर्नर यांनी पुढे सांगितले की तेथील सावली आपण दिव्यासमोर स्वतःची मूठ धरून पाडली होती. खऱ्या जनावराला लागणारा खुराक, त्याचा रखवालदार, विम्याचा हप्ता यांपैकी कशाचीही गरज न पडता, एका माणसाच्या मुठीने ते काम केले आणि अनेक दशके उलटल्यावरही ते निष्प्रभ झालेले नाही. वरिष्ठांना हा काटकसरीपणा रुचला नाही. त्यांनी श्वापद दाखवलेच पाहिजे असा हुकूम सोडला, तेव्हा नकाशे काढण्याच्या कचेरीतील एका प्रसंगात खरा काळा बिबट्या आणावा लागला. त्या प्रसंगातही टेबलांच्या खालून येणाऱ्या उजेडाने बाकीची खोली इतकी अंधारी राखली आहे की हुकमाची तामिली झाली आणि रहस्यही शाबूत राहिले.

ल्यूटन यांच्या या खात्याचा अखेरचा चित्रपट 1946 साली आला आणि तो वेड्यांच्या इस्पितळाविषयी होता. त्याचे नाव 'बेडलम'. 1247 साली स्थापन झालेले लंडनचे बेथलेम इस्पितळ हे त्याचे स्थळ, 1761 हा त्याचा काळ, आणि विल्यम होगार्थ या चित्रकाराने 1735 साली छापलेल्या 'अ रेक्स प्रोग्रेस' या मालिकेतील शेवटचे चित्र ही त्याची प्रेरणा. त्या चित्रात साखळदंडाच्या छायेत पडलेल्या हतभागी रुग्णांच्या मागे उंची वस्त्रे ल्यालेल्या दोन स्त्रिया उभ्या आहेत; त्या तेथे करमणुकीसाठी आलेल्या आहेत. ही चित्रकाराची अतिशयोक्ती नव्हती. बेथलेममध्ये वेडे पाहण्यासाठी लोक येत, दारावरच्या पेटीत नाणी टाकीत, आणि 1770 साली या भेटींवर निर्बंध येईपर्यंत हा प्रघात चालू होता. ल्यूटन यांनी टोपणनावाने या चित्रपटाच्या पटकथालेखनात भाग घेतला आणि इस्पितळाचा अधिकारी सिम्स याची भूमिका बोरिस कार्लॉफ यांना दिली. 1931 साली फ्रँकेन्स्टाइनने निर्माण केलेल्या प्राण्याचे रूप घेऊन ज्यांनी साऱ्या जगाला भेडसावले तेच कार्लॉफ येथे कोणताही मुखवटा न चढवता, केवळ एका लाचार, सुसंस्कृत आणि निर्दय कारभाऱ्याच्या रूपात येतात, आणि मला तरी ते अधिक भयंकर वाटतात. मेजवानीत पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी एका रुग्ण मुलाला सर्वांगी सोनेरी मुलामा देऊन उभे केले जाते आणि तो तेथेच प्राण सोडतो, तेव्हा सिम्सच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही उमटत नाही. अखेरीस रुग्णच त्या अधिकाऱ्यावर खटला चालवतात. पडद्यावर दिसणाऱ्या त्या गर्दीत श्वापद कोण हे ओळखायला प्रेक्षकाला फार वेळ लागत नाही. इंग्लंडात या चित्रपटाला प्रदर्शनाची परवानगी मिळाली नाही, धंदाही यथातथाच झाला, आणि ल्यूटन 1951 साली ऐन उमेदीत, वयाच्या 46 व्या वर्षी हृदयविकाराने वारले.

आता अटलांटिक महासागर ओलांडून मॅसॅच्युसेट्स राज्यातील डॅनव्हर्स या गावी जाऊ, कारण विजन मनोरुग्णालयाची जी आकृती आज भयपटांच्या प्रेक्षकांच्या मनात ठसलेली आहे ती घडवण्यात या गावच्या टेकडीवरील इमारतीचा वाटा मोठा आहे. टेकडीचे नाव हॅथॉर्न, आणि 1692 साली सेलमच्या चेटूक-खटल्यांत न्यायासनावर बसलेले जॉन हॅथॉर्न यांच्या घराण्याशी ते निगडित आहे. त्या काळी डॅनव्हर्स हेच सेलम गावठाण म्हणून ओळखले जाई. या टेकडीवर 1874 ते 1878 या काळात सरकारने सुमारे 15 लाख डॉलर खर्चून तांबड्या विटांचे एक अवाढव्य मनोरुग्णालय उभारले, आणि इतक्या खर्चाबद्दल त्या वेळी लोकांनी आरडाओरडाही केला.

इमारतीची रचना फिलाडेल्फियाचे डॉक्टर टॉमस किर्कब्राइड यांच्या सिद्धान्तानुसार झाली होती. किर्कब्राइड क्वेकर पंथाचे होते. मनोविकार हा शाप किंवा पाप नसून आजार आहे, आणि शांत परिसर, मोकळी हवा, भरपूर सूर्यप्रकाश, नियमित काम आणि सौजन्याची वागणूक यांनी तो बरा होऊ शकतो, अशी त्यांची निष्ठा होती. 1854 साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी अशा इस्पितळाची इमारत कशी असावी याचे बारीकसारीक तपशील दिले: मध्ये कचेरीची वास्तू, तिच्या दोन्ही बाजूंना पायरीपायरीने मागे सरकत जाणारे कक्ष, म्हणजे प्रत्येक कक्षाला दोन्ही अंगांनी उजेड आणि वारा मिळावा, एका बाजूला स्त्रिया, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि रुग्णांची संख्या 250 च्या पुढे जाऊ नये. आकाशातून पाहिले असता हा नकाशा पंख पसरलेल्या वटवाघळासारखा दिसतो, आणि भयपटांचे चाहते त्या साम्याची आवर्जून आठवण काढतात. पण तो आकार ज्या मनाने काढला ते मन सूर्याचा विचार करीत होते.

पुढे जे घडले ते या विषयातील सर्वांत दुःखद प्रकरण आहे. डॅनव्हर्सची योजना मुळात सुमारे 500 रुग्णांसाठी होती. 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे 2000 हून अधिक माणसे कोंबलेली होती. ज्यांना घर नव्हते, ज्यांना घरी ठेवायला घरचे तयार नव्हते, जे म्हातारे आणि भ्रमिष्ट झाले होते, जे मद्यपी होते, त्या सर्वांची रवानगी टेकडीवर होऊ लागली. नोकरवर्ग अपुरा, मंजूर रक्कम त्याहून अपुरी, आणि मग औषधोपचाराची जागा बंदोबस्ताने घेतली. विजेचे झटके, मेंदूवरील शस्त्रक्रिया, हातपाय आवळणारी वस्त्रे, हे सारे त्या काळच्या अमेरिकन सरकारी इस्पितळांत सर्रास चालत असे, आणि डॅनव्हर्स त्याला अपवाद नव्हते. 1955 च्या सुमारास त्या देशातील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. त्याच दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे प्रचारात आली, 1963 साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी रुग्णांची सोय त्यांच्या गावीच व्हावी असा कायदा संमत करवला, आणि एकेक वॉर्ड रिकामा होऊ लागला. बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळांना गावी कुठलीच सोय मिळाली नाही, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. डॅनव्हर्सचे दरवाजे 1992 साली बंद झाले.

वाङ्मयात मात्र ही जागा आधीच जाऊन बसली होती. सागरतळीच्या आणि परलोकीच्या अवर्णनीय जीवांची निर्मिती करणारे हॉवर्ड लव्हक्राफ्ट यांनी आपल्या कथांत डॅनव्हर्सचा नावाने उल्लेख केला, आणि त्यांच्या आर्कम या काल्पनिक नगरीतही एक मनोरुग्णालय आहे. ते नाव 1974 साली बॅटमनच्या चित्रकथांनी उचलले आणि घरोघरी पोहोचवले. लव्हक्राफ्ट यांच्या भयाला एक खासगी मूळही होते. त्यांचे वडील प्रॉव्हिडन्स येथील बटलर मनोरुग्णालयात 1898 साली मरण पावले, तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. आणि 1921 साली आईही त्याच इस्पितळात निवर्तली. ज्या लेखकाने विसाव्या शतकाला श्वापदांची सर्वांत मोठी फौज पुरवली त्याचे आईबाप अशा भिंतींआड संपले, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याच्या कथांतील 'हे पाहिले तर वेड लागेल' हा पुनःपुन्हा येणारा धाक निव्वळ अलंकार वाटत नाही.

बंद पडलेल्या डॅनव्हर्सच्या खिडक्या फुटल्या, रंगाचे पापुद्रे सुटले, कबुतरे आत शिरली, आणि त्या अवस्थेत ब्रॅड अँडरसन या दिग्दर्शकाची नजर त्या इमारतीवर गेली. स्टीफन गेव्हेडन यांच्या साहाय्याने त्यांनी त्या वास्तूसाठीच एक कथा लिहिली आणि 2001 साली 'सेशन नाइन' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचा खर्च सुमारे 15 लाख डॉलर; म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी इमारत बांधायला जितके डॉलर लागले तितकेच तिच्यात चित्रपट बनवायला लागले, आणि मधल्या काळात डॉलरची किंमत किती घसरली हे लक्षात घेतले म्हणजे निर्मात्यांची ओढाताण कळून येते. फिल्मच्या रिळांऐवजी त्यांनी सोनी कंपनीचा त्या वेळी नवाच आलेला उच्च प्रतीचा व्हिडिओ कॅमेरा वापरला. पुढच्याच वर्षी जॉर्ज लुकस यांनी याच जातीच्या कॅमेऱ्यावर 'स्टार वॉर्स' मालिकेतला चित्रपट प्रसिद्ध केला, पण तेथे पैशाला तोटा नव्हता. येथे उटा ब्रीझेविट्झ या छायाचित्रकार बाईंनी त्या कॅमेऱ्याचा एक गुण हेरला. जवळची वस्तू आणि लांबवरची वस्तू दोन्ही त्यात सारख्याच स्पष्ट दिसतात, त्यामुळे पात्र समोर बोलत असताना त्याच्या मागचा शंभर फुटांचा व्हरांडा आणि त्याच्या टोकाचे उघडे दारही आपल्या नजरेसमोर लख्ख राहते, आणि प्रेक्षक नटाकडे पाहायचे सोडून त्या दाराकडे पाहू लागतो.

कथा थोडक्यात अशी. जुन्या इमारतीतील अॅस्बेस्टॉस काढून टाकण्याचा मक्ता गॉर्डन नावाच्या एका कर्जबाजारी मक्तेदाराला हवा आहे. घरी तान्हे मूल आहे, धंदा बुडण्याच्या बेतात आहे, म्हणून जे काम कित्येक आठवड्यांचे ते एका आठवड्यात पुरे करण्याची हमी तो देतो, आणि वेळेत पुरे केल्यास दहा हजार डॉलर बक्षीस मिळणार असते. स्कॉटिश नट पीटर मलन यांनी केलेली ही भूमिका अत्यंत संयत आहे. त्याच्यासोबत चार कामगार. त्यांतील माइक याला तळघरातील दप्तरांत एका रुग्ण स्त्रीच्या मुलाखतींच्या नऊ टेपा सापडतात. तिच्या एका देहात अनेक व्यक्ती बोलतात, त्यांतील एकीचे बोलणे डॉक्टर पुनःपुन्हा मागतो आणि ती टाळत राहते. ती व्यक्ती म्हणजे सायमन, आणि तो या चित्रपटातील श्वापद. त्याला पंजे नाहीत, दात नाहीत, देहच नाही. आहे तो एक खर्जातला आवाज, आणि तोही जुन्या टेपरेकॉर्डरच्या खरखरीतून येणारा. असे श्वापद घडवायला एक नट आणि एक मायक्रोफोन पुरेसा होतो.

भुयाराचा प्रसंग हा या चित्रपटातील सर्वांत घट्ट विणलेला भाग. कक्षांना जोडणारी भुयारे डॅनव्हर्सला खरोखरच होती. गॉर्डनचा तरुण भाचा जेफ याला काळोखाचे विलक्षण भय आहे, आणि नेमका तो भुयारात असताना बाहेरचे जनरेटर बंद पडते. त्याच्या मागचे दिवे एकामागून एक विझत येतात आणि तो पुढच्या उजेडाकडे धावत सुटतो. त्याच्या मागे कुणीही नसते. केवळ विझणारे दिवे त्याचा पाठलाग करतात, आणि ल्यूटन यांच्या तलावातील सावली साठ वर्षांनंतर येथे नव्या वेषात परत भेटते.

परंतु मला या चित्रपटाची थोरवी वाटते ती त्यातील दिवसाच्या प्रसंगांत. भयपट म्हटला की रात्र, वादळ आणि विजांचा कडकडाट ही सामग्री गृहीत धरली जाते. अँडरसन यांचा बहुतेक चित्रपट स्वच्छ उन्हात घडतो. उंच खिडक्यांतून ऊन आत येते, फरशीवर पसरते, सुटलेल्या रंगाच्या प्रत्येक पापुद्र्याला सावली देते, आणि त्या उजेडात दिसणारा गंजलेला पलंग काळोखातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा अधिक अस्वस्थ करतो. हा उजेड दिग्दर्शकाने विकत आणलेला नाही. किर्कब्राइड यांनी तो औषध म्हणून इमारतीच्या नकाशात घातला होता, आणि माणसे निघून गेल्यावरही तो तेथे रोज वेळेवर हजर होत राहिला. नेपथ्यावर खर्च करायला पैसे नसलेल्या दिग्दर्शकाने या उजेडात कॅमेरा ठेवला आणि त्यामुळे एका थोर आशेचा भंग कसा दिसतो ते पडद्यावर उमटले. शेवटच्या काही मिनिटांतील रक्तपात उलटसुलट कापून दाखवण्यात अँडरसन यांचा हात थोडा सैल सुटला आहे असे मला वाटते. त्यापूर्वीच्या भागाचा तोल मात्र कोठेही ढळलेला नाही. अमेरिकेतील चित्रपटगृहांत त्याला चार लाख डॉलरदेखील मिळाले नाहीत; त्याची कीर्ती पुढे डीव्हीडीवर, हळूहळू झाली.

या चित्रपटाच्या मूळ आराखड्यात आणखी एक पात्र होते. एकेकाळची रुग्ण असलेली एक निराधार स्त्री त्या ओसाड इमारतीत राहते आणि कामगारांवर लपून नजर ठेवते, असे प्रसंग चित्रित झाले होते. प्रेक्षकांचा गोंधळ उडतो म्हणून ते संकलनात गाळले गेले. गाळण्यामागचे कारण व्यावहारिक असले तरी परिणाम फार मोठा झाला. ती स्त्री राहिली असती तर प्रत्येक चाहुलीचा संशय तिच्यावर गेला असता, आणि मनोरुग्ण हाच अंधारात दबा धरून बसलेला प्राणी, हा जुना आरोप आणखी एकदा पडद्यावर चढला असता. जॉन कार्पेंटर यांच्या 1978 सालच्या 'हॅलोवीन'ने, जो स्वतः कमी खर्चाच्या चित्रपटांतला एक उत्कृष्ट नमुना आहे, मनोरुग्णालयातून पळालेला खुनी ही कल्पना इतकी रूढ केली की तिच्या शेकडो नकला निघाल्या. 'सेशन नाइन'मध्ये टेपवरची ती स्त्री स्वतःच अत्याचाराने मोडलेली आहे, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर जे खचत जातात ते इस्पितळाशी काही संबंध नसलेले, कर्जाने, मत्सराने आणि अपुऱ्या झोपेने पोखरलेले चाकरमाने पुरुष आहेत. श्वापद बाहेर नसून जवळच्या माणसात वाट पाहते, हा त्यातील विचार मला पटतो. आणि त्या विचाराचा मोठा भाग काय दाखवायचे नाही या निवडीतून आला आहे हे विशेष.

न दाखवण्याचा प्रश्न याच राज्यात एकदा न्यायालयापुढेही गेला होता. फ्रेडरिक वाइजमन यांनी मॅसॅच्युसेट्समधील ब्रिजवॉटर येथील गुन्हेगार मनोरुग्णांच्या इस्पितळात आत जाऊन 1967 साली 'टिटिकट फॉलीज' हा माहितीपट केला. त्यात नग्न ठेवलेले, नळीने अन्न भरवले जाणारे, रक्षकांकडून डिवचले जाणारे खरे रुग्ण दिसतात. रुग्णांच्या खासगीपणाचा भंग होतो या कारणास्तव न्यायालयाने सर्वसामान्य प्रेक्षकांना तो दाखवण्यास मनाई केली, आणि ती मनाई 1991 पर्यंत टिकली. त्या खासगीपणाची चिंता सरकारला ते रुग्ण विवस्त्र कोठडीत पडलेले असताना का वाटली नाही, हा प्रश्न वाजवी आहे. पण त्यांच्या संमतीचा प्रश्नही तितकाच वाजवी आहे, आणि मला या दोहोंपैकी कोणताही बाजूला सारता येत नाही. काल्पनिक भयपटाला निदान ही एक सवलत आहे की त्यातील दुःखे नट भोगतात. ओसाड वास्तूंना मात्र तशी सवलत नाही. वेस्ट व्हर्जिनियातील वेस्टन या गावी किर्कब्राइड यांच्याच नकाशाबरहुकूम बांधलेले मनोरुग्णालय 1994 साली बंद झाले, आणि आज तेथे तिकीट काढून रात्री भुते पाहायला जाता येते. बेथलेमच्या दारावरील नाण्यांच्या पेटीला 1770 मध्ये अटकाव झाला होता. ती पेटी वेस्टनला पुन्हा मांडली गेली आहे असे मला वाटते.

डॅनव्हर्सची इमारत 2006 साली पाडण्यास सुरुवात झाली. मधल्या भागाचा दर्शनी विटांचा सांगाडा तेवढा राखून त्याच्यामागे निवासी सदनिका बांधल्या गेल्या. टेकडीखालील दफनभूमीत सातशेहून अधिक रुग्णांच्या जागी केवळ आकडे कोरलेली चिन्हे होती. आकड्यांखाली पुरलेल्यांची नावे शोधून काढण्याची खटपट तेथील पूर्वीच्या रुग्णांनी 1990 नंतरच्या दशकात सुरू केली, जुनी दप्तरे तपासली आणि ती नावे दगडावर आणली. त्या वास्तूविषयी अनेकांनी अनेक तऱ्हेची कामे केली, चित्रपटही त्यांत आला. या कामाची बरोबरी त्यांतील कोणत्याच कामाला करता येणार नाही.

महाराष्ट्रात विजन मनोरुग्णालय हे दृश्यच परके आहे. ठाण्याचे इस्पितळ 1901 सालचे, येरवड्याचे 1915 सालचे. दोन्ही आजही चालू आहेत आणि दोन्हींच्या वॉर्डांत माणसे राहतात. 'ह्याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य आपण थट्टेत फार सहज उच्चारतो, इतके सहज की त्या दारामागे कुणाची तरी आई किंवा भाऊ औषधाच्या वेळेची वाट पाहत असेल हे मनातही येत नाही. एखाद्या मराठी दिग्दर्शकाला थोडक्या पैशात भयपट काढण्यासाठी अशी जुनी, दगडी, उंच छतांची जागा हवीशी वाटली, तर अँडरसन यांना मिळालेले रिकामे व्हरांडे त्याला तेथे मिळणार नाहीत. मानसिक आरोग्यसेवेविषयीच्या 2017 सालच्या कायद्यात, उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा तिच्याविषयीची माहिती तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येणार नाही, असे स्पष्ट कलम आहे. तेव्हा कॅमेरा उभा करण्यापूर्वी त्या दिग्दर्शकाला आत जाऊन प्रत्येकाची परवानगी मागावी लागेल, आणि परवानगी मागताना समोरच्याचे नाव विचारावे लागेल.